शून्य न होणारा आकडा

१७ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. ही नोंद माझ्या हातची नाही, संगणकाने केलेली आहे. पुण्यात मी जिथे संशोधन करते तिथल्या संगणकावर गेले काही महिने एक आकडेमोड अखंड चालू होती. तिचा एकेक टप्पा पूर्ण झाला की उत्तराशेजारी तारीख आणि वेळ छापली जावी, अशी व्यवस्था मी केली होती. ती फिरके सरांच्या आग्रहावरून. "तारीख-वेळ नसलेला आकडा म्हणजे अफवा," असे ते म्हणत. त्या सकाळी नवा आकडा पडद्यावर आला, तो सरांना कळवावा म्हणून मी फोन उचलला आणि तेवढ्यात तोच वाजू लागला. नाव सरांचे होते. "सर, अजून उतरला," असे मी बोलूनही गेले. पलीकडे अक्का होत्या, सरांच्या पत्नी. त्या म्हणाल्या, "सर गयात, पोरी. पहाटे."

स्थानिक वृत्तपत्रात आलेल्या बातमीत 'विद्यार्थिप्रिय प्राध्यापक' एवढेच होते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. सर फैजपूरचे, केळीच्या बागाईतदारांच्या घरातले. जळगावच्या महाविद्यालयात त्यांनी एम.एस्सी.च्या वर्गांना आयुष्यभर गणित शिकवले आणि निवृत्तीनंतर ते अक्कांच्या माहेरगावी, धुळ्याला, देवपुरात राहायला गेले. त्यांची माझी पहिली भेट जळगावच्या वर्गातली. आमच्या तुकडीत दोन पल्लवी होत्या, एक साक्रीची आणि एक यावलची. यावलची मी. हजेरी घेताना सर क्षणभर थांबले आणि त्यांनी निकाल दिला, "गणितात एका चिन्हाला दोन अर्थ चालत नाहीत. तू साक्री आणि तू यावल." आठवडाभरात अख्ख्या वर्गाचे असे बारसे झाले. साक्री धीट होती. तिने विचारले, "आणि सर, तुम्ही कोण?" "मी फैजपूर. पण मला हाक मारायची गरज नाही, मी आपोआप येतो." ते खरेच होते. त्यांचा तास चुकल्याचे मला आठवत नाही.

तासाला आल्यावर एक अक्षरही न बोलता ते फळ्यावर वर्तुळ काढत. दोरा नाही, कंपास नाही, खांद्यातून हात फिरवून एका दमात. सुरुवात आणि शेवट इतके नेमके जुळत की सांधा शोधावा लागे. मग खडू त्यावर टेकवून म्हणत, "हा आपला मळा. कुंपणाबाहेर शोधू नका. आणि आत काही नाही म्हणून घरी जाऊ नका." ज्यांचा या विषयाशी संबंध नाही अशा वाचकांसाठी त्या वाक्याचा अर्थ सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. आम्ही ज्याला ऑपरेटर म्हणतो ते एक यंत्र समजावे. त्यात आकड्यांची एक ओळ घालायची, दुसरी ओळ बाहेर येते. ओळ मर्यादित असेल तोवर शाळकरी बीजगणित पुरते. ती अनंत घरांची असेल आणि तरीही तिची लांबी मोजता येत असेल, तर आपण बानाख किंवा हिल्बर्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अवकाशांत प्रवेश केलेला असतो. अशा प्रत्येक यंत्राला काही खास संख्या असतात. त्यांतली एखादी यंत्रातून वजा केली की यंत्र उलटे फिरवता येत नाही. त्या संख्यांचा समूह म्हणजे त्या यंत्राचा वर्णपट, आमच्या वर्गातल्या भाषेत स्पेक्ट्रम. यंत्राचा जोर जेवढा तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढले तर वर्णपट त्याबाहेर कधी जात नाही आणि वर्णपट कधीही रिकामा नसतो. सरांचा मळा तो हाच.

दर डिसेंबरात एक तास ते 'पंचनामा' म्हणून राखून ठेवत. त्या दिवशी फळ्यावर एक सदोष सिद्धता लिहिली जाई आणि चूक वर्गाने शोधायची असे. आमच्या वर्षीची सिद्धता सुंदर होती. मी आजही ती सुंदरच म्हणेन. एका विशिष्ट यंत्राच्या वर्णपटात 'एक' ही संख्या नाही, असा तिचा दावा होता. यंत्रातून एक वजा केल्यावर कोणतीही ओळ पूर्ण शून्य होत नाही, हे निर्दोष दाखवले होते. बाहेर पडणाऱ्या ओळी अवकाशात सर्वत्र दाट पसरलेल्या आहेत, हेही दाखवले होते. म्हणून यंत्र उलटे फिरवता येते, असा समारोप होता. मी उभी राहिले. "सर, बाहेर येणाऱ्या ओळींचा समूह बंद आहे, हे कोणत्या पायरीत सिद्ध केलंय? कोणतीही ओळ शून्य होत नाही, हे ठीक. पण शून्याच्या हवं तितकं जवळ जाणाऱ्या ओळी असतील तर? तळ आहे हे कुठे दाखवलं?" सर फळ्याकडे वळले. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत त्यांनी बोट फिरवले आणि म्हणाले, "कुठेच नाही." साक्रीने विचारले, "कोणी लिहिलंय हे, सर?" "एका गृहस्थाने. छापूनसुद्धा आलं होतं." मागच्या बाकावरून भुसावळ म्हणाला, "अशा माणसाला पुढे नोकरी कोणी दिली असेल?" "तुमच्या कॉलेजने," सर म्हणाले. वर्ग आधी हसला. मग एकेक जण गप्प होत गेला.

पंचनाम्यानंतरच्या रविवारी सरांच्या फैजपूरच्या मळ्यात भरिताची पार्टी असे. सबंध वर्ग बसने जाई. हिरवी वांगी कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजली जात, लाकडी बडगीत ठेचली जात आणि केळीच्या पानावर भरीत-पुरीची पंगत बसे. मळ्यात सर वेगळेच माणूस होत. बाह्या वर, तोंडात गावची बोली. "काय वं यावल, वांगं भाजू राह्यली का जाळू राह्यली?" अक्का बाजूला पुऱ्या लाटत असत. त्यांची बोली धुळ्याकडची अहिराणी. भरीत कुठे चांगले, या वादात दोघेही एकमेकांना ऐकत नसत. "तुमच्या धुळ्याले भरीत जमत नही," सर म्हणत. "तुमना फैजपूरना माणसेसले भरीतशिवाय काय येस?" अक्का पुरी तेलात सोडता सोडता विचारत. त्या पंगतीत सर आम्हाला एक खेळ खेळायला लावत. प्रत्येकाने आपल्या पानावरची पुरी उजवीकडच्या पानावर सरकवायची. सगळ्यांकडे सारख्याच पुऱ्या असतील तर मधल्या कुणाच्या पानावर काहीच बदलत नाही. फक्त पहिले पान रिकामे होते आणि शेवटच्यापुढे एक पुरी जास्त येते. "आता एकच पुरी सगळ्या पंगतीत सारखी वाटली असं समजा. पंगत जितकी लांब, तितका टोकांचा फरक बारीक. पुरी तेवढीच, पण ती सरकली हेसुद्धा कळणार नाही." हा त्या विषयातला सर्वांत जुना दाखला. मी तो तेव्हा पानावर बसून ऐकला आणि भरीत चांगले झाले होते म्हणून विसरले.

त्याच दुपारी बांधावरून चालताना मी त्यांना त्या छापील सिद्धतेबद्दल विचारले. ते सहज बोलले, जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलत होते. तरुणपणी लिहिलेला तो एकमेव मोठा निबंध. त्यावरून एका नामांकित संस्थेने त्यांना व्याख्यानाला बोलावले होते, नेमणूक जवळजवळ ठरली होती. व्याख्यानाची तयारी करतानाच त्यांना ती गाळलेली पायरी सापडली. मार्गदर्शक म्हणाले, वाचतंय कोण, गप्प राहा. सरांनी संपादकांना स्वतःहून लिहिले आणि संस्थेलाही कळवले. "मग त्यांचं उत्तर काय आलं?" मी विचारले. "काहीच आलं नाही. तेच उत्तर." थोडे पुढे गेल्यावर ते थांबले. "त्याचं मला फार वाटत नाही. वाटतं ते वेगळंच. सिद्धता पडली, हे खरं. पण विधान पडलं का, हे मला अजून ठाऊक नाही. जिना पडला म्हणजे माडी पडली असं होत नाही. माडी आहे की नाही, एवढं कळायला हवं होतं..." मी तत्काळ म्हणाले, हा प्रश्न मी घेते. मला प्रश्न हवाच होता. एम.एस्सी. संपायच्या आत आपल्या नावावर काहीतरी असावे, अशी माझी घाई होती. त्यांनी सरळ नकार दिला. "तुले वर चढायचं शे. पडक्या जिन्यावर नको. नवा बांध."

मी पुण्याला आले आणि नवा बांधू लागले. विषय तोच ठेवला, प्रश्न निराळा घेतला. दोन-तीन वर्षे अशीच गेली आणि मग सरांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे कळले. आठवड्यातून दोनदा धुळ्याच्या रुग्णालयात डायलिसिस सुरू झाले. पथ्याच्या यादीत पहिले नाव केळ्याचे होते. "फैजपूरच्या माणसाला केळं बंद," ते मला म्हणाले, "अशी शिक्षा कोर्टसुद्धा देत नाही." यावलला जाताना मी वाट वाकडी करून धुळ्याला उतरू लागले. यंत्राला जोडलेले असताना त्यांना चार तास हलता येत नसे. मी स्टुलावर बसून माझे काम त्यांना सांगे आणि ते डोळे मिटून शंका काढत. गेल्या पावसाळ्यात, अशाच एका दुपारी, डोळे न उघडता ते म्हणाले, "यावल, ती माडी बघतेस का?" मी त्यांना इतकी वर्षे ओळखत होते. त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचे मी प्रथमच ऐकत होते. "खरं निघो, खोटं निघो," ते म्हणाले, "मला कळलं पाहिजे. वेळ किती आहे ते तुला दिसतंच आहे."

सिद्धतेचा मार्ग दिसत नव्हता, म्हणून मी आधी आकड्यांकडे वळले. अनंत ओळीची पहिली हजार घरे घ्यायची. त्यांत मावणाऱ्या, एक एकक लांबीच्या सर्व ओळी एक वजा केलेल्या यंत्रातून काढायच्या आणि सर्वांत आखूड होऊन बाहेर येणारी शोधायची. तिची लांबी म्हणजे आमचा आकडा. मग दोन हजार घरे, चार हजार, आठ हजार. घरे वाढली की हा आकडा खाली येतो किंवा तिथेच राहतो, वर कधी जात नाही. तो शून्याच्या वर कुठेतरी कायमचा थांबला, तर तळ आहे, माडी उभी आहे, सरांचे विधान खरे. तो अखंड उतरत राहिला, तर विधान खोटे. अक्कांना मी हे एवढेच सांगितले. त्या दिवसापासून दर वेळी मला पाहिल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असे, "उतरना का आकडा?" ताप उतरला का, असे विचारावे तसा तो प्रश्न येई. 'उतरला' म्हटले की त्यांचा चेहरा पडे.

शेजारच्या खाटेवर साक्री गावाकडचे एक गृहस्थ असत. त्यांनी बरेच दिवस आमचे बोलणे ऐकले आणि एकदा न राहवून सरांना म्हणाले, "सर, रोज आकडा आकडा करतस तुम्ही. काय लागस ते आमलेबी सांगा ना भो." त्यांना तो मटक्याचा आकडा वाटला होता. परिचारिकाही वळून पाहू लागली. सर नळ्या सांभाळत हसले आणि त्यांच्याच बोलीत म्हणाले, "भाऊ, हाऊ आकडा थांबना तर मी जितनू, उतरना तर मी हारनू. आन् मी सोता काही लावेल नही." त्यावर ते गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, "मंग थांबू द्या ना." त्या खोलीत आम्ही सगळेच त्या आकड्याने थांबावे म्हणून बसलो होतो. सर सोडून.

दिवाळीनंतर तो थांबला. ०.०४१. घरे दुप्पट केली, ०.०४१. पुन्हा दुप्पट केली, तिसऱ्या दशांशातही हालचाल नाही. मी शास्त्र शिकलेली आहे. आशा हा पुरावा नसतो, हे मला कळते. तरीही फोन करताना माझा आवाज चढला होता. सरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "थांबला की दमला?" मला तो प्रश्न निष्ठुर वाटला. जानेवारीत मोठ्या संगणकावर जागा मिळाली, घरांची संख्या खूप पुढे नेता आली आणि आकडा ०.०३६ झाला. ते यंत्र एका घरातला आकडा पुढच्या घरात सरकवताना ज्या संख्यांनी गुणते त्यांना आम्ही वजने म्हणतो; फार दूरवर जाऊन त्या वजनांचा स्वभाव बदलत होता. तिथपर्यंत आधी आम्ही पोहोचलोच नव्हतो. तो दमला होता.

पुढचा आठवडा मी यावलला घरी होते. मामांच्या शेतात भरीत होते, गावची माणसे पंगतीला बसली होती आणि मी माझ्या पानाशी बसून आकडा कसा वाचवता येईल याचा विचार करत होते. मोठ्या पातेल्यातून भरीत वाढणारा माणूस सुरुवातीला मोकळ्या हाताने वाढत आला. पातेले रिते होऊ लागले तशी त्याची पळी किंचित किंचित लहान होत गेली. पहिल्या पानावर ढीग होता आणि शेवटच्या पानावर बोटभर. तरी भांडण नव्हते. प्रत्येक जण शेजारच्या पानाकडे पाहत होता आणि शेजारचे पान जवळपास आपल्यासारखेच होते... माझा हात पुरीवर राहिला. सरांच्या जुन्या खेळातली पुरी सगळ्यांना सारखी वाटलेली असे. त्यांच्या यंत्राची वजने असमान होती, म्हणून ती वाटणी तिथे चालत नव्हती आणि म्हणून सरांनी तो रस्ता बंद मानला होता. वाटणी सारखी नको होती. ती हळूहळू उतरती हवी होती, शेजाऱ्याला कळणार नाही इतक्या संथपणे. अशी ओळ यंत्रातून काढली तर तिची बाहेर येणारी लांबी हवी तितकी लहान करता येते. तळ नव्हता. दरवर्षी पंगतीत बसवून सर ज्या दाखल्याने आम्हाला शिकवत होते, त्यालाच थोडा उतार दिला की त्यांचे विधान पडत होते. सिद्धता दोन पानांत लिहून झाली. मी ती तीनदा तपासली, ती बरोबर होती. स्वतःचे काम बरोबर निघाल्याचे इतके वाईट मला कधी वाटले नव्हते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी धुळ्याला गेले. सर घरीच होते. अक्कांनी दार उघडले, माझ्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुना तोंडवर दिखी राहिनं." त्यांनी माझ्या मनगटाला धरले. "खोटं नको सांगजो त्यासले. त्यासले समजस." घराच्या पडवीत सरांनी कॉलेजातून निकालात निघालेला एक लाकडी फळा विकत घेऊन लावला होता. त्याच्या उजव्या कडेला, खालपासून वर, मी दर भेटीत तारीख, वेळ आणि आकडा लिहीत असे. सर भिंतीला धरून उठले, खडू घेतला आणि वर्तुळ काढू लागले. हात वरपर्यंत गेला, उतरताना कलला आणि शेवट सुरुवातीपासून दोन बोटे बाजूला पडला. वर्तुळ जुळले नाही. त्यांनी ती फट पाहिली. "बंद नाही झालं," ते म्हणाले, "माझ्या त्या समूहासारखंच... बोल."

मी बोलले. मध्ये थांबले नाही, मखलाशी केली नाही. वर्गात सांगावे तसे सांगितले. ओळ कशी निवडली, शेजारच्या घरांतला फरक किती, बाहेर येणारी लांबी किती. ते खुर्चीत बसून ऐकत होते. पंगतीचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी एकदम वर पाहिले. मग पडताळणीचे प्रश्न सुरू झाले. "ओळीची लांबी?" "एक. प्रत्येक वेळी एकच." "आणि एखादं घर धरलं तर तिथला आकडा?" "शून्याकडे जातो." "कोणतंही घर धरलं तरी?" "कोणतंही." "म्हणजे बोट ठेवून दाखवावं असं कुठेच काही नाही, आणि एकूण मात्र पूर्ण एक." "हो सर." आतून अक्कांच्या भांड्यांचा आवाज थांबला होता. "मग माडी नव्हती," ते म्हणाले. "नव्हती, सर." "एक ही संख्या वर्णपटात आहे." "आहे. बरोबर वर्तुळाच्या काठावर." अक्का दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "मंग इतला वरीस कोठे चढी राहिनात तुम्ही?" सर हसले. आजारपणात तसे हसू मी पाहिले नव्हते, मळ्यातले होते ते. "चढतो कुठं वं, कुंपनावर बसेल व्हतो."

मग ते कामाचे बोलले. हे माझ्या नावावर छापावे, त्यांचे नाव आभारात घालू नये. मी विरोध केला. "आभारात नको," ते म्हणाले, "चुकीत घाल. अमुक निबंधातली चूक, असं नाव, वर्ष आणि पानासकट लिही. माझी चूक आहे, ती माझ्याच नावावर राहिली पाहिजे." मी तसेच लिहिले आहे. माझ्या निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात ते आहे. निघताना मी म्हणाले, सिद्धता झाली, आता संगणकावरची आकडेमोड थांबवते, तिची गरज उरली नाही. सरांनी मान हलवली. "गरज नाही, ते मला कळतं. पण तो शून्य होणार नाही ना?" "कधीच नाही, सर. कोणतीही ओळ पूर्ण शून्य होत नाही, तेवढं तुमचं बरोबर होतं. उतरत राहील, शून्य होणार नाही." "मग चालू दे," ते म्हणाले. "बघत राहू."

त्यानंतर ते दोनच आठवडे होते. उत्तरकार्य झाल्यावर, गर्दी ओसरल्यावर मी धुळ्याला गेले. साक्री माझ्याबरोबर होती. ती आता आपल्या गावच्याच शाळेत गणित शिकवते. बसमध्ये तिने सांगितले की तीही दर वर्षी एक पंचनामा ठेवते आणि चुका तिला स्वतःच्याच पुरतात. पडवीत सरांची खुर्ची भिंतीकडे सरकवलेली होती, पण फळ्याला कुणी हात लावला नव्हता. अंत्यदर्शनाला आलेल्या नातेवाइकांपैकी कुणीतरी तो पुसायला निघाले, तेव्हा अक्कांनी फडके काढून घेतले होते, असे त्यांच्या भावजयीने सांगितले. वर्तुळ होते तसे होते, दोन बोटांची फट ठेवून. त्या फटीवरून मला मळ्याचे फाटक आठवले, नेहमी उघडे असलेले... पण ही उपमा सरांनी खोडली असती, म्हणून ती इथेच सोडते. त्यांनी मान्य केले असते ते इतकेच: सिद्धतेतल्या त्या ओळीच्या कोणत्याही घरावर बोट ठेवा, तिथे जवळपास काही नसते, आणि एकूण लांबी मात्र तसूभर घटलेली नसते. हे सिद्ध झालेले आहे. मला सांत्वनाची वाक्ये सुचत नाहीत आणि ऐकवतही नाहीत. हे विधान मात्र मी तपासलेले आहे.

अक्का चहा घेऊन आल्या आणि खुर्चीशेजारी खाली बसल्या. फळ्याच्या कडेची आकड्यांची ओळ त्यांनी खालून वरपर्यंत पाहिली. शेवटच्या आकड्याच्या वर एका ओळीची जागा रिकामी होती. "त्या दिनले आकडा उना व्हता ना? तू फोनवर सांगी राहिन्ती," त्या म्हणाल्या. मी हो म्हटले. तो आकडा सरांपर्यंत पोहोचला नव्हता. "उतरना व्हता?" "उतरला होता, अक्का. शून्य झाला नाही." यावेळी त्यांचा चेहरा पडला नाही. त्यांनी वळचणीतल्या डबीतून खडू काढून माझ्या हातात दिला. "मंग लिखी दे."

संगणक अजून चालू आहे. त्यानंतर नवे आकडे येऊन पडले असतील, ते मी अद्याप उघडलेले नाहीत. त्या दुपारी मी फळ्यापाशी गेले आणि सरांच्या नियमाप्रमाणे आधी तारीख, मग वेळ आणि मग तो आकडा लिहिला. १७ फेब्रुवारी, सकाळी सहा चाळीस, ०.०२९३.